नाताळचा पहिला नंबर आणि एका पौंडाचं मत

ब्रिटनमध्ये खपानुसार गाण्यांची दर आठवड्याला अधिकृत क्रमवारी लागते, तिला चार्ट म्हणतात. त्यात एक डाउनलोड म्हणजे एक विक्री. पैसे भरून घेतलेल्या स्ट्रीमिंग सेवेवर तेच गाणं शंभर वेळा ऐकलं गेलं की तीही एकच विक्री धरतात. जाहिराती सोसत फुकट ऐकणाऱ्यांची तर सहाशे ऐकणी मिळून एक विक्री होते. २०१८ च्या जुलैपासून हा दर लागू झाला. शिवाय एका खात्यावरून एका गाण्याची दिवसाला जास्तीत जास्त दहा ऐकणी मोजायची आणि प्रत्येक किमान तीस सेकंदांचं हवं, असंही बंधन आहे. म्हणजे एखाद्या चाहत्याने शुक्रवार ते गुरुवार इमानेइतबारे रोज दहादा गाणं लावलं, तरी आठवड्याअखेर त्याच्या नावावर सत्तर ऐकणी जमतात. एका विक्रीचा आकडाही त्याला गाठता येत नाही. त्याच्या शेजाऱ्याने ९९ पेन्सला तेच गाणं एकदा विकत घेतलं आणि पुढे कधीच लावलं नाही, तरी चार्टमध्ये त्याचं वजन या चाहत्यापेक्षा जास्त.

नाताळच्या आठवड्यात ब्रिटनमध्ये निघणाऱ्या मोहिमा या दरावर जगतात. २५ डिसेंबरच्या आधी (क्वचित त्याच दिवशी) जाहीर होणाऱ्या चार्टमध्ये पहिलं कोण, यावर तिथे सट्टेवाले भाव काढतात, वर्तमानपत्रं पानं खर्च करतात आणि एरवी वर्षभर चार्टकडे ढुंकूनही न पाहणारी माणसं त्या आठवड्यात त्याची चौकशी करतात. मग कुणीतरी ठरवतं की यंदा अमुक गाणं वर न्यायचं, किंवा तमुक गाण्याला तिथे पोचू द्यायचं नाही. लाखो लोक खिशातून पौंडभर काढतात आणि कधीकधी खरंच चार्ट हलतो. यावर दरवर्षी एकच तक्रार होते: हा चार्टचा विपर्यास आहे, लोकांना काय आवडतं ते मोजायचं सोडून लोकांनी काय कट केला ते मोजलं जातं.

मला ही तक्रार पटत नाही. या मोहिमांमध्ये खोट आहे, पण ती तक्रारदार दाखवतात तिथे नाही.

आधी चार्ट म्हणजे काय ते पाहू. १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने पहिली यादी छापली. पर्सी डिकिन्स या तिथल्या माणसाने वीसेक दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या खपल्या ते विचारलं आणि बेरीज मांडली. बारा क्रमांकांची यादी, पण बरोबरीमुळे तिच्यात पंधरा गाणी आली. हेतू सरळ होता: जाहिरातदार मिळावेत, अंक खपावा. (त्याच वर्षअखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. तिथेही दुकानांतली विक्री धरली जायची, पण जोडीला श्रोता संघांचं मतही घेतलं जायचं. आपल्याकडे गावोगावचे संघ पोस्टकार्डांवर मतं पाठवत, आणि त्याला कुणी कट म्हटल्याचं ऐकिवात नाही.) चार्ट हे पहिल्यापासून खरेदीच्या एका आठवड्याचं टिपण आहे. गाणं किती आवडलं, किती दिवस आवडलं, घेणाऱ्याने का घेतलं, यातलं काहीच त्यात येत नाही.

या टिपणावर हात मारण्याचा मान सामान्य लोकांकडे फार उशिरा आला. त्याआधी तो कंपन्यांचा होता. १९६९ पासून चार्टचं काम बीएमआरबी या पाहणी संस्थेकडे गेलं. निवडक अडीचशे-तीनशे दुकानांना वह्या दिलेल्या असत आणि गल्ल्यावरचा माणूस विकलेल्या तबकडीचा क्रमांक हाताने लिहून काढी. कोणती दुकानं निवडलीत हे गुपित राहिलं नाही. मग कंपन्यांची माणसं नेमक्या त्याच दुकानांत जाऊन आपलाच माल विकत घेऊ लागली. दुकानदाराला फुकटच्या तबकड्या, टी-शर्ट द्यायचे आणि बदल्यात वहीत चार जास्तीच्या नोंदी करून घ्यायच्या, हाही धंदा जोरात होता. १९८३ मध्ये गॅलप या दुसऱ्या पाहणी संस्थेने गल्ल्यावर यंत्रं बसवली तेव्हा हातचलाखी कमी झाली, पण कंपन्यांनी दुसरी वाट काढली. तेच गाणं सात इंची, बारा इंची, कॅसेट, पहिली सीडी, दुसरी सीडी अशा रूपांत बाजारात आणायचं, प्रत्येकाच्या मागच्या बाजूला वेगळं गाणं ठेवायचं, म्हणजे निष्ठावान चाहता सगळीच घेईल. पहिल्या आठवड्यात किंमत पाडायची, दुसऱ्या आठवड्यात चढवायची. शेवटी चार्टवाल्यांना तीनच रूपं मोजू असा नियम करावा लागला. या सगळ्याला उद्योगात विपणन म्हणत. २००५ मध्ये डाउनलोड मोजायला सुरुवात झाली आणि २००७ च्या जानेवारीपासून दुकानात सीडी नसलेलं गाणंही चार्टसाठी पात्र ठरलं. लोकांच्या मोहिमांना दार उघडलं ते या दुसऱ्या निर्णयाने. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं गाणं वर न्यायचं, तर आता ते कंपनीने पुन्हा छापायची गरज उरली नव्हती.

त्याच सुमारास टीव्हीवरच्या 'एक्स फॅक्टर' या गायनस्पर्धेने नाताळच बळकावला होता. अंतिम फेरी डिसेंबरच्या मध्यावर, विजेत्याचं गाणं लगेच बाजारात, आणि आठवड्याअखेर नाताळचा चार्ट. शेन वॉर्ड २००५, लिओना लुइस २००६, लिऑन जॅक्सन २००७, अलेक्झांड्रा बर्क २००८: चार वर्षं हा नेम चुकला नाही. कार्यक्रमाची तारीखच चार्टच्या तारखेवर बेतलेली असावी, यात शंका घ्यायला फारशी जागा नव्हती. लाखो प्रेक्षकांच्या कार्यक्रमातून तयार गिऱ्हाईक घेऊन उतरलेलं गाणं 'आपसूक' पहिलं येतं, आणि लोकांनी ठरवून घेतलेलं गाणं मात्र 'कट' ठरतं, हा न्याय कुठला?

२००८ मध्ये पहिली मोठी झुंज झाली. अलेक्झांड्रा बर्कने लेनर्ड कोहेन यांचं 'हालेलुया' गायलं, तेव्हा चिडलेल्या लोकांनी जेफ बकलीने गायलेलं तेच गाणं वर ढकललं. निकाल: बर्क पहिली, बकली दुसरा, आणि खुद्द कोहेन यांची मूळ ध्वनिफीत ३६ व्या क्रमांकावर. गीतकार-संगीतकार म्हणून तिन्हींचं मानधन कोहेन यांच्याच वाट्याला. मोहीम हरली, शिवाय तिच्यामुळे बर्कच्या गाण्याचीही आयती जाहिरात झाली. त्याच वर्षी जॉन मॉर्टर यांनी रिक ॲस्टलीचं जुनं गाणं वर नेण्याचा प्रयत्न केला आणि तोही फसला. पुढच्या वर्षी त्यांनी पत्नी ट्रेसी यांच्यासह निवड बदलली, आणि ती निवडच निर्णायक ठरली.

'रेज अगेन्स्ट द मशीन' या अमेरिकी बँडचं 'किलिंग इन द नेम' हे गाणं १९९२ चं. गाण्याच्या शेवटी 'तुम्ही सांगाल ते मी करणार नाही' अशा अर्थाची ओळ शिवीसकट सोळा वेळा येते. टीव्हीने पढवलेल्या नंबर वनविरुद्ध याहून नेमकी घोषणा सापडणं अवघड होतं. त्या वेळी चार्टचा आठवडा रविवार ते शनिवार असे. १३ डिसेंबर २००९ च्या रविवारी 'एक्स फॅक्टर'ची अंतिम फेरी संपून जो मॅकएल्डरी जिंकला, तेव्हा रेजची खरेदी आधीच सुरू झाली होती. मॅकएल्डरीचं 'द क्लाइम्ब' सोमवारपासून डाउनलोडला आलं, सीडी मात्र आठवड्याच्या मध्यावर सुपरमार्केटांत पोचल्या. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत रेजची मोठी आघाडी दिसली, ती बातमी झाली, बातमीने आणखी खरेदी झाली. मग सीडी आल्या आणि आघाडी झपाट्याने घटू लागली. गुरुवारी बँडने बीबीसी रेडिओ ५ लाइव्हवर गाणं थेट सादर केलं. शिव्या गाळायच्या असं ठरलं होतं, त्या गाळल्या गेल्या नाहीत आणि निवेदकांना मध्येच आवाज बंद करावा लागला. मोहिमेला लागणारा शेवटचा धक्का बीबीसीनेच असा पुरवला. रविवारी निकाल लागला: रेज ५ लाख २ हजार ६७२, मॅकएल्डरी साडेचार लाखांच्या आसपास. निव्वळ डाउनलोडवर नाताळचा पहिला क्रमांक मिळवणारं हे पहिलं गाणं. पुढच्या आठवड्यात मॅकएल्डरी निमूटपणे पहिला आला, म्हणजे त्या पोराचं फारसं नुकसानही झालं नाही. बँडने दिलेला शब्द पाळून ६ जून २०१० ला लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये फुकट कार्यक्रम केला.

या विजयावरचा ठरलेला टोमणा असा: रेजची कंपनी एपिक, 'एक्स फॅक्टर'चा कर्ताधर्ता सायमन कॉवेल याची कंपनी सायको, आणि दोन्ही सोनीच्याच. कुणीही जिंको, गल्ला एकाच घरात. टोमणा खरा आहे, पण तो नेम चुकवतो. मॉर्टर दांपत्याने सोनीविरुद्ध मोर्चा काढलाच नव्हता. नाताळचा नंबर एका टीव्ही कार्यक्रमाने गृहीत धरावा, एवढ्यावर त्यांचा आक्षेप होता, आणि तेवढं गृहीत त्यांनी मोडलं. २०११ मध्ये 'एक्स फॅक्टर'च्या विजेत्या लिटल मिक्सचं गाणं एक आठवडा आधी आलं आणि नाताळचा क्रमांक सैनिकांच्या पत्नींच्या गायनवृंदाला, 'मिलिटरी वाइव्ह्ज'ना मिळाला. गृहीत एकदा मोडल्यावर पुन्हा पूर्वीसारखं घट्ट बसलं नाही. २०१० आणि त्यानंतर २०१३, २०१४ मध्ये कार्यक्रमाचे विजेते जिंकले, पण दरवर्षी विरोधी मोहिमांना तोंड देऊन.

२०१० ची गोष्ट मोहीम काढणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे, कारण ती पडण्याची गोष्ट आहे. त्या वर्षी मॅट कार्डलने बिफी क्लायरो या बँडचं 'मेनी ऑफ हॉरर' नाव बदलून गायलं. त्याला विरोध करणारे तीन वाटांनी गेले. काहींनी बिफी क्लायरोचं मूळ गाणं धरलं, ते आठव्या क्रमांकावर थांबलं. काहींनी ट्रॅशमेन यांचं १९६० च्या दशकातलं 'सर्फिन बर्ड' उचललं, ते तिसरं आलं. आणि काही कलावंतांनी मिळून जॉन केज यांची चार मिनिटं तेहतीस सेकंदांची नि:शब्द रचना 'ध्वनिमुद्रित' केली. म्हणजे स्टुडिओत जमून कुणीही काही वाजवायचं नाही. कल्पना म्हणून ही तिन्हींत सरस, क्रमांक २१. शांतता विकत घ्यायला लोक हसत तयार होतात, पण पाच लाख लोक तयार होत नाहीत. कार्डल आरामात पहिला आला.

अशी मोहीम नेमकी कुठे अडते? पहिली अडचण फुटीची, ती वर आलीच. दुसरी तारखेची. २०१५ च्या जुलैपासून चार्टचा आठवडा शुक्रवारच्या मध्यरात्री सुरू होऊन गुरुवारी रात्री संपतो. मोहीम तीन आठवडे आधी पेटली आणि लोकांनी उत्साहाच्या भरात लगेच गाणं घेतलं, तर ती विक्री भलत्याच आठवड्यात जमा होते आणि तोच माणूस पुन्हा घेत नाही. म्हणून 'थांबा, शुक्रवारी घ्या' हे सांगणं 'घ्या' म्हणण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. तिसरी अडचण आवृत्तीची. दुकानात एकाच गाण्याची अल्बममधली, मैफलीतली, नव्याने मुद्रित केलेली अशी चार रूपं असतात. मैफलीतलं ध्वनिमुद्रण वेगळं गाणं म्हणून धरलं गेलं तर तेवढी मतं वाया जातात, तेव्हा अचूक दुवा फिरवावा लागतो. चौथी किमतीची: दुकानाने कंपनीला द्यायची किमान रक्कम ठरलेली आहे, त्याखाली वाटलेलं किंवा फुकट दिलेलं गाणं मोजत नाहीत. पाचवी गठ्ठ्याची: एकट्याने शंभर प्रती घेतल्या तर त्या मोजणीतून गाळल्या जातात, त्यामुळे एखाद्या धनिकाच्या भरवशावर मोहीम चालत नाही. आणि सहावी शेवटच्या दोन दिवसांची. सोमवारी त्या आठवड्याचे तोपर्यंतचे आकडे येतात, आपण पुढे आहोत असं दिसलं की माणसं सैलावतात, आणि नेमक्या तेव्हाच समोरच्या कंपनीचा माल दुकानात लागतो.

या अडचणी पार करून मोहीम जिंकत असेल, तर तिच्यामागे लाखभर वेगवेगळी माणसं होती हे सिद्ध होतं. कंपनीच्या बंदोबस्तात ते सिद्ध होत नसे. मोहिमांच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा हाच. २०१२ मध्ये 'द जस्टिस कलेक्टिव्ह'चं गाणं पहिलं आलं, ते हिल्सबरोच्या कुटुंबांसाठी होतं. १९८९ च्या त्या फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ माणसांचा जीव गेला, आणि वर्षानुवर्षं दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये स्वतंत्र समितीच्या अहवालाने पोलिसांची लपवाछपवी उघड केली, डिसेंबरात जुने निष्कर्ष न्यायालयाने रद्द केले आणि कुटुंबांपुढे पुन्हा कोर्टाचा खर्च उभा राहिला. त्या आठवड्यात लोकांनी हे गाणं घेतलं ते चाल आवडली म्हणून घेतलं असं कुणी म्हणणार नाही. पण त्या डिसेंबरात ब्रिटनच्या मनात काय होतं, याची नोंद त्या वर्षीच्या इतर कुठल्या गाण्यापेक्षा या क्रमांकाने चांगली ठेवली. २०१५ चंही तसंच. नव्या करारावरून ज्युनिअर डॉक्टर आणि सरकार यांच्यात ठिणग्या उडत असताना लुइशॅम आणि ग्रीनिच इथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, गायनवृंदाचं 'अ ब्रिज ओव्हर यू' सुमारे तीस हजारांच्या फरकाने पहिलं आलं. दुसऱ्या क्रमांकावर जस्टिन बीबर होता, आणि त्याने स्वत:च आपल्या चाहत्यांना या वृंदाचं गाणं घ्यायला सांगितलं होतं. स्पर्धकाने असा दिलदारपणा दाखवण्याची उदाहरणं या धंद्यात कमीच.

आता खोट कुठे आहे ते. पहिली खोट धर्मादायाची.

२०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं 'लॅडबेबी' या नावाने गाणाऱ्या होइल दांपत्याने नाताळचा पहिला क्रमांक घेतला. जुन्या प्रसिद्ध गाण्यांच्या चाली, शब्द बहुतेकदा सॉसेज रोलबद्दल, म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यात गुंडाळून भाजलेल्या सॉसेजबद्दल, आणि उत्पन्न मुख्यतः अन्नपेढ्या चालवणाऱ्या ट्रसेल ट्रस्टला. बीटल्सचे नाताळचे पहिले क्रमांक चार. तो विक्रम सॉसेज रोलने मोडला. पहिल्या वर्षी गंमत होती, पाचव्या वर्षी मुलांनी ताणलेला विनोद वाटला, पण तो चवीचा प्रश्न. प्रश्न हिशेबाचा आहे. ९९ पेन्सच्या डाउनलोडचं काय होतं ते पाहा. त्यात साडेसोळा पेन्स व्हॅट. उरलेल्या साडेब्याऐंशीतून दुकान साधारण तीस टक्के, म्हणजे पंचवीस पेन्सच्या जवळपास, कापून घेतं. मूळ गीतकार-संगीतकारांचा वाटा त्यांनी माफ केला नसेल तर आठ टक्क्यांच्या हिशेबाने साडेसहा पेन्स तिकडे. वितरकाचा आणि मुद्रणाचा खर्च धरायच्या आधीच एक्कावन्न पेन्स उरतात. तोच माणूस तेवढीच रक्कम थेट संस्थेला देता आणि तो करदाता असता, तर 'गिफ्ट एड' योजनेतून सरकारने वर पंचवीस टक्के घालून संस्थेला जवळजवळ १२४ पेन्स मिळाले असते. फरक अडीच पटींच्या आसपास. व्हॅटचा वाद तर १९८४ पासून चालू आहे: बँड एड या कलावंतांच्या समूहाने मदतीसाठी काढलेल्या गाण्यावरचा कर माफ करायला थॅचर सरकारने आधी नकार दिला, मग बोभाटा झाल्यावर तेवढीच रक्कम देणगी म्हणून परत केली.

म्हणून भुकेल्यासाठी गाणं घ्या, असं सांगणाऱ्याने पुढच्या जानेवारीत प्रती किती, कापले किती, पोचले किती हे तीन आकडे छापलेच पाहिजेत. संस्थेच्या नावाने मत मागितलं की हिशेब देणं बंधनकारक व्हायला हवं. रेजच्या मोहिमेने हे नकळत बरोबर केलं होतं. गाणं चार्टसाठी विकत घ्या आणि बेघरांसाठी काम करणाऱ्या शेल्टरला देणगी वेगळ्या पानावर द्या, असे दोन व्यवहार तिथे वेगळे ठेवले होते. १९९१ मध्ये क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' दुसऱ्यांदा नाताळला पहिलं आलं, तेव्हाही पैसा एड्ससाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेला. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा महिनाभरापूर्वीच त्या आजाराने मृत्यू झाला होता, आणि गाणं तर लोकांना हवंच होतं. गाणं स्वत:च्या पायांवर उभं असेल तेव्हा देणगी वरचा भाग असते. गाणं निव्वळ देणगीच्या कुबडीवर चालत असेल, तर कुबडीचा खर्च विचारायलाच हवा.

दुसरी खोट अनेक आवृत्त्यांची. 'द कंट्स' या बँडचं बोरिस जॉन्सनना थेट शिवी घालणारं गाणं २०२० च्या नाताळात पाचव्या क्रमांकावर आलं, आणि त्याचा पुढचा भाग २०२१ मध्येही पाचवाच आला. त्याच गाण्याची अनेक रूपं विक्रीला ठेवायची आणि समर्थकांनी सगळी घ्यायची, ही युक्ती त्यांनी वापरली आणि इतरांनीही. ही १९९० च्या दशकातली कंपन्यांचीच युक्ती, फक्त सीडीऐवजी फाइल. मोहिमेची सगळी नैतिक ताकद 'एक माणूस, एक पौंड, एक मत' यात आहे. चार रूपं घेणाऱ्याला चार मतं मिळत असतील तर समोरच्या कंपनीला नावं ठेवण्याचा हक्क उरत नाही. एका खात्यावरून एका गाण्याची एकच खरेदी मोजा, रूप कुठलंही असो, हा नियम चार्टवाल्यांनी उद्या केला तर प्रामाणिक मोहिमांचं काहीच बिघडणार नाही.

'द कंट्स'च्या गाण्याच्या वेळी ते वाजवायचं कसं याची बीबीसीला पंचाईत झाली, तशी आधीही झाली होती. एप्रिल २०१३ मध्ये मार्गारेट थॅचर वारल्यावर 'डिंग डाँग! द विच इज डेड' हे १९३९ च्या चित्रपटातलं गाणं विरोधकांनी दुसऱ्या क्रमांकावर नेलं. बीबीसी रेडिओ १ ने चार्टच्या कार्यक्रमात ते पूर्ण न वाजवता बातमीच्या आत पाच सेकंदांचा तुकडा ऐकवला. २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्यावरचं 'लायर लायर' चौथं आलं, ते निवडणुकीतल्या निष्पक्षतेचं कारण देऊन वाजवलंच नाही. मेलेल्या बाईवर नाचणं मला शोभणारं वाटत नाही, आणि शिवीगाळ दुपारी मुलं ऐकत असताना वाजवू नये हेही कळतं. पण चार्ट जाहीर करणाऱ्याने त्यातली नावडती ओळ गाळली, तर यादीवरचा हस्तक्षेप मोहिमेने केला की रेडिओने? शिव्यांवर 'बीप' टाका, गाण्याआधी दोन वाक्यांत संदर्भ सांगा, पण वाजवा.

चार्टचं नुकसान होतं, नव्या कलावंताची जागा जाते, हा आक्षेप राहिला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या कलावंताची जागा असतेच कुठे? स्ट्रीमिंग मोजायला २०१४ मध्ये सुरुवात झाल्यापासून त्या आठवड्यांत चार्टवर जुन्या नाताळगाण्यांचं राज्य असतं. मरायाह केरीचं १९९४ चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पहिलं आलं ते २०२० मध्ये. व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस' १९८४ मध्ये बँड एडमुळे दुसरं राहिलं होतं. व्हॅमचा गायक जॉर्ज मायकल याच्या मृत्यूनंतर २०१७ मध्ये चाहत्यांनी ते वर नेण्यासाठी मोहीम काढली, पण नाताळला एड शीरन पहिला आला. पुढे ते २०२३ आणि २०२४ मध्ये नाताळला पहिलं आलं, तेही मुख्यतः स्ट्रीमिंगच्या जोरावर. जुन्या गाण्यांना शंभराऐवजी दोनशे ऐकण्यांची अट असूनही. स्वयंपाकघरातल्या स्पीकरला कुणी 'नाताळची गाणी लाव' म्हणतं, सेवेने बनवलेली गाण्यांची तयार माळ (प्लेलिस्ट) सुरू होते, तिच्यात दुसरं-तिसरं गाणं हेच असतं, आणि स्वयंपाकात अडकलेल्या माणसाने न ऐकताही ते मोजलं जातं. या माळा कोण रचतं, कोणत्या गाण्याला कुठली जागा मिळते, हे चार्टच्या नियमांत कुठे येत नाही. डाउनलोड करणारा निदान स्वत: बोट उचलतो.

लॅडबेबीचं २०२० मधलं गाणं पुढच्या आठवड्यात पहिल्यावरून ७८ व्या क्रमांकावर कोसळलं, याची फार टर उडवली गेली. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. लोकांनी एकदा घेतलं, काम झालं, पुन्हा ऐकलं नाही. चार्टने दोन्ही आठवडे खरं तेच सांगितलं.

अडचण निराळीच उभी राहते आहे. २००९ मध्ये गाणं विकत घ्यायला लागणारं खातं जवळपास प्रत्येक तरुणाकडे होतं, कारण आयपॉड भरायला दुसरा सोपा मार्ग नव्हता. आज विशीतल्या माणसाने आयुष्यात एकही गाणं विकत घेतलेलं नसतं. त्याला महिन्याची वर्गणी माहीत आहे, फाइल घेणं माहीत नाही. त्यामुळे आता मोहिमेला आधी दुकान कुठे आहे, खातं कसं उघडायचं, कोणतं बटण दाबायचं हे शिकवावं लागतं, आणि जे शिकतात ते बहुतेक चाळिशीपुढचे, मुलाबाळांचे लोक. सॉसेज रोल पाच वर्षं टिकला तो याच वयाच्या जोरावर. ज्यांची गाणी एरवी चार्ट भरून टाकतात त्या पिढीकडे या आठवड्यापुरतं मतच नाही, असल्यास सात दशांश. डाउनलोडचा आणि ऐकण्याचा दर चार्टवाल्यांनी पुन्हा बदलला, आणि तो २०१४ पासून दोनदा बदललेला आहे, तर शंभराचा आकडा पन्नासावर येताच या मोहिमांना आजच्या दुप्पट माणसं गोळा करावी लागतील.